पेशीची साय

बीट चिरायला घेतलं की हात, सुरी, ओटा सगळं लालेलाल होतं. पण त्याच फोडी नळाखाली दोन-तीनदा स्वच्छ धुवा आणि गार पाण्याच्या वाटीत टाकून ठेवा. अर्ध्या तासानं बघाल तर पाणी जेमतेम गुलाबी झालेलं असतं. दुसऱ्या वाटीतल्या फोडींवर मात्र उकळतं पाणी ओता. पाच मिनिटांत वाटी गडद लाल.

बीटाचा रंग पाण्यात सहज विरघळणारा आहे. मग गार पाण्यात तो फोडीतून बाहेर का आला नाही? सुरीच्या धारेखाली ज्या पेशी फुटल्या त्यांचा रंग हाताला लागला आणि धुऊन गेला. उरलेल्या लाखो पेशी शाबूत होत्या. त्यांच्यात रंग एका पिशवीत भरलेला असतो, त्या पिशवीला स्वतःचं पटल असतं आणि पेशीच्या भोवती आणखी एक. साधारण साठ अंशांच्या पुढे ही पटलं विस्कटतात आणि इतका वेळ डांबून ठेवलेला रंग मोकळा होतो.

शाळेत आपण पेशीची आकृती काढताना बाहेरून दोन रेघा ओढतो. एक पेशीभित्तिकेची, एक पटलाची. भित्तिका फक्त वनस्पती, बुरशी, जिवाणू अशांना. ती जाड, ताठ, आणि नावाप्रमाणे खरोखर भिंत. पण बीटाचा रंग ती अडवत नाही, तिच्या जाळीतून तो आरामात निघून जातो. अडवतं ते आतलं नाजूक पटल. त्याची जाडी सात-आठ नॅनोमीटर. वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी दहा-बारा हजार पटलं एकावर एक मावतील. भित्तिका नसलेल्या असंख्य पेशी आहेत, आपल्या स्वतःच्या सगळ्याच. पटल नसलेली पेशी मात्र एकही नाही.

‘पटल’ हा पाठ्यपुस्तकी शब्द मला तितकासा आवडत नाही. तो ऐकला की काहीतरी ताणून बसवलेलं, कोरडं, ढोलाच्या चामड्यासारखं डोळ्यांपुढे येतं. वस्तू आहे त्याच्या अगदी उलट. ती ओली आहे, तेलकट आहे, सतत हलती आहे. दुधावरच्या सायीसारखी म्हटलं तर जास्त जवळ जाऊ, कारण सायीतही मुख्य माल तोच असतो, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं.

ही साय कशाची आहे हे कळायला माणसाला दीडशे वर्षं लागली आणि सुरुवात झाली ती एका तळ्यावर. बेंजामिन फ्रँकलिन लंडनमध्ये असताना क्लॅपम कॉमन इथल्या तळ्यात त्यानं चहाच्या चमच्याएवढं तेल ओतलं. वाऱ्यानं उठणाऱ्या बारीक लाटा बघता बघता निवल्या आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं गुळगुळीत झालं. १७७४ साली त्यानं हे छापून प्रसिद्ध केलं. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. चमचाभर तेल वीस गुंठ्यांवर पसरलं तर थर किती जाड होईल, हा हिशोब त्यानं केला नाही. केला असता तर उत्तर एक-दोन नॅनोमीटर आलं असतं, म्हणजे जेमतेम एका रेणूची उंची.

तो हिशोब नीट मांडण्याची साधनं जिनं बनवली तिची गोष्ट मला फ्रँकलिनच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. आग्नेस पोकेल्स ही जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची. मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता, घरी आजारी आईवडील, त्यामुळे दिवस स्वयंपाकघरात जायचा. भांडी घासताना पाण्यावर येणारा तेलाचा तवंग साबणानं कसा पळतो, हे तिनं फक्त पाहिलं नाही, मोजलं. पत्र्याचं पसरट भांडं, त्यावर आडवी सरकणारी पट्टी, आणि पाण्याला किती ताण आहे हे जोखायला तराजूला टांगलेलं एक बटण. दहा वर्षं ती हे करत होती. १८९१ मध्ये तिनं इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं आणि त्यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकाकडे छापायला पाठवलं. पुढे अमेरिकेच्या अर्व्हिंग लँगम्युर यांनी तसंच भांडं सुधारून वापरलं. त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं. पोकेल्सबाईंना त्याच वर्षी गावातल्या तंत्रविद्यापीठाची मानद पदवी मिळाली.

लँगम्युरनी दाखवलं ते असं. तेलकट आम्लाचा रेणू पाण्यावर आडवा लोळत नाही, उभा राहतो. डोकं पाण्यात, शेपटी हवेत. डोक्याला पाणी प्रिय, शेपटीला पाण्याचा तिटकारा. पेशीच्या पटलातला मुख्य रेणू, फॉस्फोलिपिड, याच घराण्यातला. एक डोकं आणि दोन शेपट्या.

आता पेशीच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी. अशा जागी या रेणूंनी काय करायचं? हे ओळखलं हॉलंडमधल्या लायडनच्या दोघांनी, गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी, १९२५ मध्ये. गॉर्टर हे मुलांचे डॉक्टर होते. त्यांनी तांबड्या रक्तपेशी घेतल्या. निवड हुशारीची होती, कारण सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं आणि आत दुसरी पटलंही नसतात. जे काही स्निग्ध निघेल ते बाहेरच्या सायीचंच. ॲसिटोननं ते काढलं, लँगम्युरच्या भांड्यात पाण्यावर पसरलं आणि क्षेत्रफळ मोजलं. पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरलं. म्हणजे थर एक नाही, दोन. शेपट्या एकमेकींकडे वळवून आत दडलेल्या, डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे.

गंमत पुढे आहे. त्या दोघांच्या मोजणीत दोन चुका होत्या. ॲसिटोननं सगळं स्निग्ध द्रव्य निघत नाही, त्यामुळे तेल कमी भरलं. आणि वाळवलेल्या पेशी मोजल्यामुळे पेशींचं क्षेत्रफळही कमी भरलं. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, जवळपास सारख्या मापाच्या, म्हणून भागाकार बरोबर आला. विज्ञानात असं नशीब क्वचित कुणाच्या वाट्याला येतं.

हा दुहेरी थर कुणी बांधावा लागत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी खुबी. फॉस्फोलिपिडं पाण्यात टाकून हलवली की शेपट्या पाणी टाळण्यासाठी आपोआप एकत्र येतात आणि थर तयार होतो. भोक पडलं तर कडा उघड्या राहणं रेणूंना परवडत नाही, म्हणून ते मिटतं. बारीक सुईनं पेशीला टोचून आत काही सोडता येतं आणि सुई काढल्यावर जखम बुजते, त्यात याचाही हात असतो.

पेशीची ही साय आपण रोज पितो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. गाई-म्हशीच्या कासेतल्या पेशी दुधातला स्निग्धांश थेंबाथेंबानं बाहेर टाकतात तेव्हा प्रत्येक थेंब जाताना पेशीच्या पटलाचा एक तुकडा अंगाभोवती गुंडाळून नेतो. म्हणून दुधातले थेंब एकमेकांना चिकटून लगेच लोण्याचा गोळा होत नाहीत. आपण रवी फिरवतो ती खरं तर ही गुंडाळी फोडण्यासाठी. ती फाटली की आतला स्निग्धांश एकवटतो आणि लोणी वर येतं. फाटलेल्या गुंडाळ्यांचा बराचसा भाग खाली ताकात राहतो. ताकाची वाटी तोंडाला लावताना आपण कोण्या म्हशीच्या पेशीपटलाच्या चिंध्या पीत असतो. ऐकायला बरं वाटत नाही, पण ताकाला काही बाधत नाही.

साय हलती असते असं वर म्हटलं. ते किती हलती? थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं आणि शेजारचं शेंगदाण्याचं तेल वाहतं राहतं, हे आपण पाहिलेलं आहे. खोबरेलाच्या शेपट्या सरळ, एकमेकींना लगटून बसणाऱ्या. शेंगदाणा तेलातल्या पुष्कळ शेपट्यांना मधेच बाक असतो, त्यामुळे त्या नीट रचल्या जात नाहीत. पेशीलाही हा हिशोब सांभाळावा लागतो. साय थिजली तर पेशीचे व्यवहार बंद, फार पातळ झाली तर गळती. आपल्या आतड्यात राहणारा इ. कोलाय जिवाणू गार जागी वाढवला तर तो पटलात बाकदार शेपट्यांचं प्रमाण वाढवतो. आपल्या पेशी यासाठी कोलेस्टेरॉलही वापरतात. रक्त-तपासणीच्या कागदावर बदनाम झालेला हा रेणू तांबड्या पेशीच्या पटलात जवळजवळ फॉस्फोलिपिडांच्या बरोबरीनं असतो आणि ना फार घट्ट ना फार सैल अशी साय राखतो.

१९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन या दोघांनी माणसाची पेशी आणि उंदराची पेशी एकमेकींत मिसळून एक जोडपेशी केली. एकीच्या पटलावरच्या प्रथिनांना हिरवी चमकती खूण, दुसरीच्या प्रथिनांना लाल. सुरुवातीला अर्धं हिरवं, अर्धं लाल. ३७ अंशांवर चाळीस मिनिटं ठेवल्यावर दोन्ही रंग पेशीभर कालवले गेले. तापमान १५ अंशांच्या खाली ठेवलं तर मिसळणं जवळपास थांबायचं. म्हणजे प्रथिनं पटलात खिळ्यासारखी ठोकलेली नाहीत, तरंगती आहेत. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी हे चित्र ‘सायन्स’मध्ये मांडलं, स्निग्ध द्रव्याचा वाहता थर आणि त्यात ठिकठिकाणी बुडालेली, तरंगणारी प्रथिनं. तपशिलात पुष्कळ भर पडली, पण आजही पाठ्यपुस्तकात तेच चित्र आहे.

आता खरा प्रश्न. नुसती साय असेल तर पेशी उपाशी मरेल. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, मद्यार्क, भूल देणारी द्रव्यं ही तेलात मिसळणारी किंवा छोटी मंडळी सायीतून सरळ पार होतात. साखरेचा रेणू मात्र तेलाला परका, आणि मिठातला सोडियम तर विद्युत्भारित, त्याला तिथे पाऊलही टाकता येत नाही. यांच्यासाठी दारं लागतात. ही दारं म्हणजे ती तरंगणारी प्रथिनं.

पाण्यालाही स्वतंत्र दार असतं, हे कळायला १९९२ उजाडलं. पीटर ॲग्रे यांना तांबड्या रक्तपेशीत एक अनोळखी प्रथिन भरपूर सापडलं होतं, काम ठाऊक नव्हतं. बेडकाची अंडी गोड्या पाण्यातही फुगत नाहीत, कारण त्यांच्या पटलातून पाणी फार हळू शिरतं. ॲग्रेंनी ते प्रथिन बनवण्याचा संदेश या अंड्यांत सोडला आणि अंडी साध्या पाण्यात ठेवली. काही मिनिटांत ती लाह्यांसारखी फुटली. त्या दाराला ॲक्वापोरिन असं नाव पडलं. एका दारातून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात, तेही एकामागे एक, रांगेनं. आपली मूत्रपिंडं दिवसाकाठी १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि त्यातलं जवळपास सगळं पाणी परत घेतात. या दारांशिवाय ते जमलं नसतं.

ॲग्रेंबरोबर २००३ चं नोबेल रॉडरिक मॅकिनन यांना मिळालं, पोटॅशियमच्या दारासाठी. इथला पेच मजेशीर होता. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा मोठा. मग मोठा आत जातो आणि लहान अडतो, हे कसं? उत्तर असं की पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचा घोळका असतो आणि दारात शिरताना तो सोडावा लागतो. दाराच्या आत ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले आहेत की पोटॅशियमला घोळक्याची उणीव भासत नाही. सोडियम लहान असल्यामुळे त्याचा हात कुठेच पोचत नाही, म्हणून तो पाण्यातच राहणं पसंत करतो.

काही दारं नुसती उघडत नाहीत, ती उपसतात. डेन्मार्कचे येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत असा पंप शोधला. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि त्यासाठी पेशीच्या ऊर्जेचा एक सुटा रेणू खर्ची. आपण निवांत पडलेलो असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा या उपशावर जातो. इतकी उधळपट्टी कशासाठी? कारण बाहेर सोडियमची दाटी आणि आत टंचाई असली की सोडियम सतत आत घुसायला बघतो, आणि त्या ओढीवर पेशी इतर कामं उरकते. मज्जापेशीच्या पटलाच्या दोन बाजूंत एक दशांश व्होल्टपेक्षाही कमी फरक असतो, पण जाडी इतकी कमी की हिशोबानं तो सेंटिमीटरला लाखभर व्होल्ट पडतो. हवेत एवढ्यात ठिणगी उडेल.

या ओढीवर चालणारं एक दार आपल्या लहान आतड्याच्या पेशींत आहे आणि त्यानं कोट्यवधी मुलांचे प्राण वाचवले आहेत. हे दार साखरेचं, म्हणजे ग्लुकोजचं. पण ग्लुकोज एकटं आलं तर ते उघडत नाही, सोडियमही एकटा आला तर नाही. सत्यनारायणाला जसं जोडीनं बसावं लागतं तसा इथला नियम, फक्त एका ग्लुकोजबरोबर सोडियम दोन. दोघं आत गेले की मागोमाग पाणीही जातं. साखर आणि सोडियम एकत्र आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली.

कॉलरा नेमकं काय करतो हे त्याच्या आदल्या वर्षी कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवलं होतं. सशाच्या आतड्यावर प्रयोग करून त्यांनी सिद्ध केलं की जिवाणू स्वतः नव्हे, तो सोडतो ते विष आतड्यात पाणी ओतायला लावतं. विष पेशीच्या सायीवरच्या एका विशिष्ट रेणूला धरून आत शिरतं आणि क्लोराइडचं दार उघडं अडकवून ठेवतं. क्लोराइड बाहेर, मागोमाग सोडियम बाहेर, मागोमाग पाणी. धडधाकट माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. पण या गोंधळातही आतड्याच्या पेशी शाबूत असतात आणि साखर-सोडियमचं दार चालू असतं. विषाला त्या दाराची किल्ली नाही.

नुसतं पाणी पाजलं तर म्हणूनच टिकत नाही, नुसतं मिठाचं पाणीही नाही. त्यात साखर हवी, ती ताकदीसाठी नव्हे, दार उघडण्यासाठी. कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडानं देऊन बरं केल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. तेव्हा कारण माहीत नव्हतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. १९६८ मध्ये ढाक्यात हेच पद्धतशीर चाचणीत सिद्ध झालं. तरीही डॉक्टरांचा भर शिरेतून द्यायच्या सलाइनवर होता.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धातून लाखो निर्वासित बंगालात आले. बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर, एकमेकांना खेटून पडलेले. सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या कोलकात्यात बांधून घेतल्या, पिपांत पाणी कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. ना नर्स, ना सुई. तिथला मृत्यूदर तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’नं अग्रलेखात लिहिलं की साखर आणि सोडियम जोडीनं आत जातात, हा शोध वैद्यकातला या शतकातला कदाचित सगळ्यात महत्त्वाचा ठरावा. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळालं.

साखर जितकी जास्त तितकं चांगलं, असं मात्र नाही. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आधीच लावलं की तळाशी पाणी सुटतं, ते आठवा. पटलाच्या ज्या बाजूला विरघळलेला माल जास्त, पाणी त्या बाजूला जातं. यालाच परासरण म्हणतात. आतड्यात साखर गरजेपेक्षा जास्त झाली की दारं अपुरी पडतात, उरलेली साखर आतड्यातच राहते आणि अंगातलं पाणी बाहेर ओढते. जुलाब वाढतो. याच कारणानं जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये या मीठ-साखरेच्या पाण्याचं, म्हणजे ओआरएसचं, सूत्र आणखी सौम्य केलं. आता एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. सोडियम आणि ग्लुकोजच्या रेणूंची संख्या त्यात अगदी समसमान ठेवलेली आहे.

जुलाब होणाऱ्या मुलाला खोक्यातला गोड रस किंवा शीतपेय देऊ नका. ओआरएसची पुडी मिळाली तर तीच वापरा आणि तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळी एकदम कालवा. पुडी मिळेपर्यंत उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा घाला. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडू नका, आणि मूल मलूल दिसलं की दवाखाना गाठा. पाणी थोडं थोडं, चमच्यानं पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. पाजण्याआधी स्वतः चाखून बघा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते ओतून द्या आणि नव्यानं करा.